बालपणीची चित्रे आणि प्रौढांची नजर

२०२५ सालच्या जानेवारी महिन्यात भारतातील चित्रपटगृहांत एक जुना चित्रपट नव्याने झळकला. युगो साको या जपानी निर्मात्याने भारतीय चित्रकार राम मोहन यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला रामकथेवरील रेखाचित्रपट तो हाच. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी तो पूर्ण झाला, तेव्हा भारतात त्याचे मोठ्या प्रमाणावर प्रदर्शन झाले नाही. पुढे दूरचित्रवाणीवरून तो घरोघरी पोहोचला आणि त्या काळच्या मुलामुलींनी तो डोळे भरून पाहिला. ती मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. नव्याने झालेले हे प्रदर्शन आजच्या मुलांइतकेच त्यांच्यासाठीही होते.

असा चित्रपट पाहण्यास येणारा प्रौढ प्रेक्षक चित्रे पाहावयास येतो की स्वतःचे बालपण, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. लहानपणी जे मनापासून आवडले त्याविषयीचे माणसाचे मत आयुष्यात स्थिर राहत नाही. मूलपणी निखळ प्रेम असते. जाणत्या वयात त्याच वस्तूची लाज वाटू लागते आणि तिची उपेक्षा होते. प्रौढपणी पुन्हा ओढ उत्पन्न होते आणि त्या ओढीबरोबरच परीक्षाही सुरू होते. या बदलत्या रुचीचा इतिहास आता शंभर वर्षांहून अधिक जुना झाला आहे. त्यातील मधला जो उपेक्षेचा काळ, त्याच काळात त्या कृती जगणार की नष्ट होणार, हे बहुधा ठरून जाते.

मुळात हलती व्यंगचित्रे ही मुलांसाठी निर्माण झालीच नव्हती. एमील कोल या फ्रेंच व्यंगचित्रकाराने १९०८ साली सुमारे सातशे चित्रांतून दोन मिनिटांहूनही लहान असा पट बनविला, तो पॅरिसच्या नागर रसिकांसाठी. अमेरिकेत विन्सर मॅके याने १९१४ साली 'गर्टी' नावाची डायनोसॉर मादी पडद्यावर आणली. मॅके स्वतः रंगमंचावर उभा राहून तिला आज्ञा करी आणि पडद्यावरील गर्टी त्या पाळी. हा खेळ पाहणारा श्रोतृवर्ग नाटकशाळेतील मोठ्या माणसांचा होता. आर्जेन्टिनातील किरिनो क्रिस्तिआनी याचा १९१७ सालचा 'एल आपोस्तोल' हा पूर्ण लांबीचा पहिला व्यंगचित्रपट मानला जातो. तो तर राष्ट्राध्यक्षांवरील राजकीय विडंबन होता. १९२६ साली लागलेल्या आगीत त्याच्या प्रती जळून गेल्या आणि आज तो जगात कोठेही पाहावयास मिळत नाही.

भारतातही या कलेचा आरंभ फार लवकर झाला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा लहानसा पट केला. काड्यापेटीतील काड्या किंचित सरकवावयाच्या, एक चित्र टिपावयाचे, पुन्हा सरकवावयाच्या, अशा रीतीने निर्जीव काडीत चैतन्य आणण्याचा तो प्रयोग होता. फाळक्यांच्या पौराणिक चित्रपटांना लोकांनी देवदर्शनाचा मान दिला. काड्यांचा खेळ मात्र गंमत म्हणून पाहिला गेला आणि विस्मरणात गेला. आज त्याची प्रत उपलब्ध नाही.

१९२८ सालच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क येथे वॉल्ट डिस्नेचा 'स्टीमबोट विली' लागला आणि ध्वनीच्या तालावर नाचणाऱ्या मिकी उंदराने जग जिंकले. त्यानंतरच्या दशकात डिस्नेच्या चित्रशाळेने जी शैली घडविली, ती पूर्ण हालचालीची शैली होय. चित्रपट दर सेकंदास चोवीस चौकटी या गतीने चालतो. सात मिनिटांच्या पटास दहा हजारांहून अधिक चौकटी लागतात आणि एकेक चित्र दोन चौकटींपुरते ठेवले, तरी पाच हजारांवर चित्रे काढावी लागतात. पात्रे दोन-तीन असली की हा आकडा आणखी वाढतो. प्रत्येक चित्र कागदावरून सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर उतरवून रंगवावयाचे, पार्श्वचित्रावर ठेवावयाचे आणि मग त्याचे छायाचित्र घ्यावयाचे. या परिश्रमाचे शिखर म्हणजे १९३७ सालच्या डिसेंबरात लॉस अँजेलिस येथे प्रथम दाखविलेला 'स्नो व्हाइट'. तो पाहून मोठी माणसे रडली आणि सर्गेई आयझेनस्टाइनसारख्या रशियन दिग्दर्शकाने डिस्नेच्या कलेवर गंभीरपणे लेखन केले. त्या काळी व्यंगचित्रपट पाहणे हे पोरकटपणाचे लक्षण मानले जात नव्हते.

तथापि डिस्नेलाही प्रौढांच्या रुचीचा चटका बसल्यावाचून राहिला नाही. १९४० साली त्याने पाश्चात्त्य अभिजात संगीतावर आधारलेला 'फँटेशिया' काढला. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती, खर्च अफाट झाला होता, आणि संगीताच्या जाणकारांतील अनेकांना थोर संगीतकारांच्या रचनांवर नाचणारे पाणघोडे रुचले नाहीत. चित्रपट तोट्यात गेला. पुढे १९६९ साली तोच पट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा केस वाढविलेल्या, रूढींविरुद्ध बंड पुकारणाऱ्या तरुण पिढीने त्याच्या रंगांच्या व आकारांच्या मुक्त विलासाला डोक्यावर घेतले. एकोणतीस वर्षांत पट बहुतांशी तोच राहिला होता. बदलला होता तो प्रेक्षक.

शैलींच्या इतिहासातील पुढचे वळण एका संपातून आले. १९४१ सालच्या मे महिन्यात डिस्नेच्या चित्रशाळेतील कामगारांनी संप केला. त्यानंतर तेथून बाहेर पडलेल्या काही चित्रकारांनी युद्धकाळात नवी संस्था उभारली. तीच पुढे 'यू. पी. ए.' या आद्याक्षरांनी प्रसिद्ध झाली. खऱ्या देहासारखा गोलाई असलेला देह आणि खऱ्या झाडासारखे झाड काढण्याचा हव्यास या मंडळींनी सोडून दिला. सपाट रंग, मोजक्या रेषा आणि मोजकीच हालचाल ही त्यांची रीत झाली. त्यांचा १९५० सालचा 'जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग' हा पट शब्दांऐवजी आवाज काढणाऱ्या एका मुलाची कथा सांगतो. त्यातील खोलीला भिंती नाहीत, आणि पार्श्वभूमीचा रंग मुलाच्या मनःस्थितीप्रमाणे पालटतो. त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. आधुनिक चित्रकलेशी परिचय असलेल्या समीक्षकांनी या शैलीचे मनापासून स्वागत केले आणि डिस्नेची गुळगुळीत गोडी त्यांना एकाएकी जुनी वाटू लागली. हे वारे युरोपातही पोहोचले. युगोस्लाव्हियातील झाग्रेब येथे दुशान वुकोतिच याने १९६१ साली केलेल्या 'सुरोगात' या पटाने अमेरिकेबाहेरील व्यंगचित्रपटास प्रथमच ऑस्कर मिळवून दिले.

यू. पी. ए.च्या चित्रकारांनी मोजकी हालचाल निवडली ती सौंदर्यदृष्टीने. पुढे लवकरच तीच रीत काटकसरीसाठी स्वीकारली गेली, आणि येथेच प्रौढांच्या मतात मोठी फूट पडली. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनी 'टॉम आणि जेरी' या मांजर-उंदराच्या जोडीवर एम. जी. एम. कंपनीसाठी काढलेल्या पटांना सात ऑस्कर मिळाली होती. परंतु जुने पट पुन्हा लावले तरी जवळजवळ तेवढेच उत्पन्न येते, असा हिशेब निघाला आणि १९५७ साली कंपनीने आपला व्यंगचित्र विभागच बंद केला. त्याच वर्षी या दोघांनी स्वतःची संस्था काढून दूरचित्रवाणीसाठी पट बनविण्यास प्रारंभ केला. चित्रपटगृहासाठीच्या पटास मिळे त्याच्या कित्येक पटींनी कमी रकमेत काम उरकणे भाग होते. म्हणून देह स्थिर ठेवून केवळ ओठ हलवावयाचे, धावणाऱ्या पात्रामागे तेच झाड, तेच घर पुनःपुन्हा सरकवावयाचे, अशा युक्त्या निघाल्या. त्यांच्या 'योगी' नावाच्या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे, तोही केवळ शोभेसाठी नव्हे. मान आणि धड यांमधील सांधा कॉलरखाली झाकला गेला, की धडाचे चित्र तसेच ठेवून डोक्याचे तेवढे नवे चित्र काढता येते.

चित्रपटगृहाच्या युगातील नामवंत दिग्दर्शक चक जोन्स यांनी या नव्या प्रकाराला चित्रे जोडलेला रेडिओ म्हणून हिणविले होते. टीका कठोर असली तरी तिच्यात सत्य होते, कारण या पटांचा भार रेषेपेक्षा आवाजावर अधिक होता. मुलांना मात्र त्यात उणे काही वाटले नाही. रेडिओवरील श्रुतिका ऐकताना ज्याप्रमाणे न दिसणारे घर मन उभारून घेते, त्याप्रमाणे न काढलेली हालचाल मुलाचे मन भरून काढते. ज्याला पूर्ण भरलेले ताट पुढे आले त्याला ते आवडले, आणि ज्याला अर्धे आले त्याने उरलेले कल्पनेने वाढून घेतले. प्रौढाने पुढे दोन्ही ताटे तोलून पाहिली, तेव्हा पहिले श्रेष्ठ ठरले. तरी भूक कशाने भागली होती, याची आठवण त्या तुलनेने पुसली गेली नाही.

या काळातील दुसरी घटना अधिक दूरगामी ठरली. १९६० साली अमेरिकेत 'द फ्लिन्टस्टोन्स' ही मालिका सुरू झाली ती रात्रीच्या वेळी, सबंध कुटुंबासाठी. तिच्या आरंभीच्या प्रायोजकांत सिगारेटची कंपनी होती आणि जाहिरातीत त्यातील पात्रेच धूम्रपान करीत. म्हणजे पुढे बसलेला प्रेक्षक प्रौढ आहे, हे गृहीत होते. परंतु त्याच दशकाच्या मध्यापासून तेथील वाहिन्यांनी व्यंगचित्रमालिका शनिवारच्या सकाळी एकवटल्या आणि त्या मुलांच्या पदरात टाकल्या. कार्टून म्हणजे मुलांची वस्तू, हा आज सर्वत्र रूढ असलेला समज मुख्यतः या वेळापत्रकातून दृढ झाला. वेळ बदलली आणि वेळेबरोबर प्रतिष्ठाही गेली.

अशा अवनतीचा परिणाम केवळ मतांपुरता मर्यादित राहिला नाही. पूर्वीच्या चित्रशाळांत रंगविलेले पारदर्शक पत्रे काम संपल्यावर धुऊन पुन्हा वापरीत, नाहीतर टाकून देत. १९५५ साली डिस्नेलँड उघडल्यावर तेथील दुकानात मूळ चित्रांचे पत्रे दोन-चार डॉलरांना मिळत. त्या पत्र्यांकडे कलाकृती म्हणून पाहणारे थोडे होते. १९८०च्या दशकात मात्र न्यूयॉर्कच्या लिलावगृहांत त्याच पत्र्यांवर हजारोंच्या बोली लागू लागल्या. बोली लावणारांत अनेक जण असे होते, की ज्यांनी लहानपणी ती चित्रे पडद्यावर पाहिली होती. ओढ परतली, परंतु धुऊन गेलेले रंग काही परतले नाहीत.

परतलेली ओढ आंधळी मात्र नसते. प्रौढपणी पुन्हा पाहिलेल्या चित्रात लहानपणी न दिसलेले पुष्कळ काही दिसते. अमेरिकेतील जुन्या पटांत कृष्णवर्णीयांची विटंबना सर्रास होती. मोठे ओठ, तोतरे बोलणे, सतत नोकराची भूमिका, हे सारे विनोद म्हणून खपे. 'टॉम आणि जेरी'मधील कृष्णवर्णीय मोलकरणीचा आवाज १९६०च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी बदलून घेण्यात आला. १९६८ साली युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने वॉर्नर ब्रदर्सचे अकरा जुने पट याच कारणास्तव प्रक्षेपणातून मागे घेतले. मुलाला त्यात फक्त धावपळ दिसली होती, मोठ्या माणसाला त्यातील अपमान दिसला. रुची बदलते तेव्हा ती केवळ उंचावते किंवा घसरते असे नव्हे. ती कधीकधी जबाबदार होते.

या दोन नजरा एकाच माणसात कशा नांदतात, याचे उत्तम उदाहरण जपानात सापडते. १९५८ साली तोएई कंपनीचा 'हाकुजादेन' हा पूर्ण लांबीचा रंगीत रेखाचित्रपट निघाला. हायाओ मियाझाकी हा विद्यार्थी परीक्षेच्या धामधुमीत असताना तो पाहून इतका हेलावला, की आपण त्यातील नायिकेच्या प्रेमातच पडलो, अशी कबुली त्याने पुढे दिली. १९६३ साली तो त्याच कंपनीत चित्रकार म्हणून रुजू झाला. हाताला व्यवसायाचे वळण लागले आणि नजर कठोर झाली. ज्या चित्रपटाने त्याला या वाटेवर आणले, तो त्याला भडक भावनाट्याच्या जातीचा वाटू लागला. लेव्ह अतामानोव्ह या रशियन दिग्दर्शकाच्या १९५७ सालच्या 'स्नो क्वीन'ने त्याला आपल्या कामाविषयी नवी श्रद्धा दिली. तरीही पहिल्या चित्रपटाचे ऋण त्याने नाकारले नाही. पहिले प्रेम चुकीचे ठरले, तरी त्यातून जन्मलेली निष्ठा खोटी ठरत नाही, हे त्याच्या पुढील कर्तृत्वाने दाखवून दिले.

याच्या उलट अनुभव जीन डाइच या अमेरिकन दिग्दर्शकाला आला. यू. पी. ए.च्या शैलीत घडलेल्या डाइचला १९६०च्या 'मन्रो' या पटासाठी ऑस्कर मिळाले होते. त्यानंतर प्राग येथे राहून त्याने १९६१-६२ साली 'टॉम आणि जेरी'चे तेरा पट केले. पैसा अल्प होता, आणि तेथील चित्रकारांना मूळ पटांपैकी फार थोडे पाहावयास मिळाले होते. हालचाल तुटक, ध्वनी गूढ, आणि मांजराच्या यातना काहीशा खऱ्या वाटाव्यात अशा होत्या. मूळ पटांवर वाढलेल्या प्रेक्षकांनी त्यांना वर्षानुवर्षे दूषणे दिली. पुढे दूरचित्रवाणीवर हॅना-बार्बेरा, डाइच आणि चक जोन्स या तिन्ही हातांचे पट एकाच नावाखाली सरमिसळ दाखविले गेले. आज काय वेगळे आहे हे सांगता न येणाऱ्या मुलालाही काहीतरी वेगळे आहे, हे जाणवे. अशा काही मुलांना मोठेपणी त्या विचित्र पटांतच एक निराळा रस सापडला. २०२० साली डाइच प्राग येथे वारला, तेव्हा त्याच्या कामाचा विचार पूर्वीपेक्षा पुष्कळ समतोलपणे होत होता.

भारतात हीच कथा अधिक गरिबीत, परंतु अधिक जिव्हाळ्याने घडली. 'प्रभात'ने १९३४ साली 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा पट काढला, पण ती वाट पुढे रुळली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५०च्या दशकात व्यंगचित्रपटांचा विभाग उघडला गेला आणि डिस्नेच्या चित्रशाळेतील क्लेअर वीक्स यांनी येथील तरुणांना शिक्षण दिले. त्यांतच राम मोहन हे होते. जातककथेवरील 'द बॅनियन डिअर' हा पट १९५७ साली या विभागातून बाहेर पडला. तरीही भारतातील प्रौढांच्या मनात ज्या चित्रांनी खरे घर केले, ती दूरचित्रवाणीवरची होत. १९७४ सालच्या 'एक अनेक और एकता' या लहानशा पटाची कल्पना विजया मुळे यांची, दिग्दर्शन भीमसेन यांचे, आणि संगीत सावंतवाडीच्या मातीतले वसंत देसाई यांचे. बहीण भावाला एकीचे बळ समजावून सांगते, एवढीच त्याची कथा. चित्रे साधी, हालचाल मोजकी. चित्रशाळेच्या कसोटीवर तो पट डिस्नेच्या जवळपासही पोहोचणार नाही. परंतु दूरदर्शनवर तो पुनःपुन्हा लागला आणि एका सबंध पिढीच्या कानामनात रुजला. १९९३ साली दूरदर्शनवर आलेली मोगलीची जपानी मालिकाही तशीच. गुलजारांचे हिंदी शीर्षकगीत तिला लाभले आणि परदेशी रेषा घरची झाली.

१९९५ सालच्या 'टॉय स्टोरी'पासून संगणकाने घडविलेल्या आकृतींचे युग सुरू झाले. आता एकाच घरात आजोबांना चित्रपटगृहातील डिस्ने, वडिलांना दूरदर्शनवरील मोगली आणि नातवाला संगणकाची चकचकीत पात्रे प्रिय असतात. प्रत्येकाला आपल्या बालपणीची रेषाच खरी आणि पुढची बिघडलेली वाटते. हा वाद कधी मिटावयाचा नाही, कारण ज्या चित्रांवर डोळा प्रथम शिकला त्यांनाच तो आयुष्यभर मोजपट्टी मानतो. कोणती शैली श्रेष्ठ, हा समीक्षेचा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे देता येतात. कोणत्या शैलीने कोणाचे बालपण भरले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे आजोबा नातवाच्या आवडीस टाकाऊ ठरवितात आणि नातू आजोबांच्या आवडीस जुनाट.

यातील धोका निव्वळ घरगुती कुरबुरीचा नाही. काय जपावयाचे आणि काय टाकावयाचे, याचा निर्णय नेहमी प्रौढांच्या हाती असतो, आणि तो बहुधा त्यांच्या उपेक्षेच्या काळात घेतला जातो. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी जिवापाड श्रम करून फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले अवशेष तेथे जमविले. २०२२ साली हे संग्रहालय आणि फिल्म्स डिव्हिजन या दोन्ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या. शिल्लक राहिलेल्या पटांची जबाबदारी आता तेथे आहे. नायरांच्या प्रयत्नांमुळे फाळक्यांच्या हरिश्चंद्राची काही रिळे आजही पाहता येतात. १९१५ साली ज्या मुलांनी पडद्यावर काड्या नाचताना पाहिल्या, ती मुले मोठी होऊन तो पट पुन्हा मागावयास आली असती, तर त्यांच्या हाती देण्यास काहीही उरले नव्हते. त्या काड्यांचे आज केवळ नाव शिल्लक आहे.